पुणे ते दिल्ली: हवाई अंतर, विमानाचा वेळ आणि मधल्या पाऊण तासाचा हिशेब

आमच्या काकांना दिल्लीला जायचं होतं. मी तिकीट काढून दिलं, त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि मग विचारलं, "तू म्हणतेस विमान तासाला आठशे किलोमीटर जातं. दिल्ली साडेअकराशे किलोमीटर. म्हणजे दीड तास झाला. इथे सव्वादोन तास छापलेत. मग हा पाऊण तास गेला कुठे?"

प्रश्न रास्त होता. घरातली तिकिटं बरीच वर्षं मीच काढते, पण याचं नीट उत्तर मलाही एका वाक्यात देता आलं नाही. त्या संध्याकाळी कोथरूडच्या घरी जेवणाच्या टेबलावर वही, कॅल्क्युलेटर आणि काकांच्या नातवाचा पृथ्वीगोल घेऊन आम्ही बसलो. तेव्हापासून कुठल्याही दोन विमानतळांमधलं अंतर आणि वेळ मी आधी कागदावर काढते, मगच तिकिटाकडे बघते. ती पद्धत इथे पायरीपायरीने देते. उदाहरण पुणे-दिल्लीचं घेतलं आहे, पण आकडे बदलून ती नागपूर, बंगळुरू, कोलकाता, दुबई अशा कुठल्याही ठिकाणाला लावता येईल.

पहिली पायरी: नक्की कुठून कुठे?

शहरापासून शहरापर्यंत नव्हे, विमानतळापासून विमानतळापर्यंत मोजायचं. पुण्याचा विमानतळ लोहगावला आहे, शनिवारवाड्यापाशी नाही. इंटरनेटवर "पुणे दिल्ली अंतर" शोधलं की कधी रस्त्याचं अंतर येतं (१,४०० किलोमीटरच्या वर), कधी रेल्वेचं, कधी दोन शहरांच्या मध्यबिंदूंमधलं. तीन ठिकाणी तीन आकडे दिसले की माणूस गोंधळतो.

यासाठी विमानतळांचे कोड उपयोगी पडतात. तिकिटावर दिसणारं तीन अक्षरी नाव प्रवाशांच्या सोयीचं असतं: पुणे पीएनक्यू, दिल्ली डीईएल, मुंबई बीओएम, नागपूर एनएजी. वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रण कक्ष मात्र चार अक्षरी कोड वापरतात. त्यात पुण्याचा व्हीएपीओ आणि दिल्लीचा व्हीआयडीपी. विमानाचा माग दाखवणाऱ्या ॲपमध्ये दोन्हींपैकी काहीही टाकलं तरी चालतं. ज्या शहरांना एकाहून जास्त विमानतळ आहेत तिथे कोड बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं. आता "मुंबई" एवढंच वाचून गाडी ठरवली तर चुकीच्या विमानतळावर पोचायची पाळी येऊ शकते.

कोड कळला की अक्षांश-रेखांश घ्या. फोनवरच्या नकाशात विमानतळावर बोट दाबून धरलं की ते दिसतात. दशांशानंतर दोन आकडे पुरेत.

लोहगाव: १८.५८ उत्तर, ७३.९२ पूर्व.
दिल्ली: २८.५७ उत्तर, ७७.१० पूर्व.

दुसरी पायरी: अंतर काढा, शाळेतल्या गणितानेच

नकाशातल्या "अंतर मोजा" या सोयीने एका मिनिटात उत्तर मिळतं. पण एकदा हाताने काढून बघाच. एकदा हे जमलं की नंतर कुणीही कुठलाही आकडा सांगितला तरी तो खरा की खोटा हे लगेच ओळखता येतं.

उत्तर-दक्षिण दिशेला एक अंश म्हणजे जवळजवळ १११ किलोमीटर, आणि हे पृथ्वीवर सगळीकडे साधारण तेवढंच असतं. दोन अक्षांशांतला फरक २८.५७ वजा १८.५८, म्हणजे ९.९९ अंश. गुणिले १११ केलं की १,१०९ किलोमीटर.

पूर्व-पश्चिम दिशेला थोडी काळजी घ्यावी लागते. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाताना एकमेकींच्या जवळ येत जातात. विषुववृत्तावर एक अंश १११ किलोमीटरचा असतो, पण आपल्याकडे तो त्याहून कमी भरतो. किती कमी, ते त्या जागेच्या अक्षांशाच्या कोसाइनवरून कळतं. महाराष्ट्रातून निघणाऱ्या मार्गांसाठी हे आकडे वहीत लिहून ठेवा: १८ अंशाला ०.९५, २० ला ०.९४, २२ ला ०.९३, २४ ला ०.९१, २६ ला ०.९०, २८ ला ०.८८. दोन्ही विमानतळांच्या मधला अक्षांश धरायचा. पुणे आणि दिल्लीच्या मधोमध साडेतेवीस अंश येतात, म्हणून ०.९१७ घेतलं. रेखांशांतला फरक ३.१८ अंश. ३.१८ गुणिले १११ गुणिले ०.९१७ म्हणजे ३२४ किलोमीटर.

आता काटकोन त्रिकोण डोळ्यांसमोर आणा. उभी बाजू १,१०९, आडवी ३२४, आणि आपल्याला कर्ण हवा आहे. पायथागोरसचा सिद्धांत लावला की उत्तर येतं १,१५५ किलोमीटर. पृथ्वीची गोलाई धरून संगणकाने काढलेला आकडा १,१५६ च्या आसपास आहे. काकांनी हे स्वतः दोनदा करून बघितलं. जेमतेम एका किलोमीटरचा फरक पाहून त्यांचा चेहरा असा खुलला की तेवढ्यासाठी ती संध्याकाळ सार्थकी लागली असं मला वाटलं.

याच रीतीने लोहगावहून नागपूर ६०४ किलोमीटर, बंगळुरू ७२२, कोलकाता १,५७५, दुबई २,०५० आणि मुंबई अवघं १२४ किलोमीटर येतं. दोन हजार किलोमीटरपर्यंत ही पद्धत बिनघोर वापरा. त्यापुढे मात्र तिच्यावर विसंबू नका, कारण सपाट कागदावरचा त्रिकोण गोल पृथ्वीवर बसेनासा होतो.

लांबच्या प्रवासासाठी दोरा घ्या. काकांची धाकटी लेक अमेरिकेत आहे, म्हणून आम्ही पृथ्वीगोलावर मुंबईला शिवणाच्या दोऱ्याचं एक टोक अंगठ्याने दाबलं आणि दुसरं न्यू यॉर्कला नेलं. दोरा सैल होता तोवर तो अरबस्तान, भूमध्य समुद्र, अटलांटिक असा गेला, म्हणजे भिंतीवरच्या नकाशात आपण पट्टी ठेवू तसा. ताणल्याबरोबर तो सरकत सरकत वर गेला आणि नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक असा जाऊन बसला. गोलावरचा सगळ्यात जवळचा रस्ता हा असा असतो. अमेरिकेला जाणारं विमान "एवढं वर का जातं" याचं उत्तर दोऱ्याने दिलं. दोऱ्यावर खूण करून तो विषुववृत्तावर पसरा. तिथे १० अंशांना १,११० किलोमीटर धरलं की अंतर मिळतं, शंभर-दोनशे किलोमीटर इकडेतिकडे. प्रत्यक्षात कुठल्या देशाचं आकाश बंद आहे यावर विमानाचा रस्ता बदलतो. तरी दोऱ्याच्या अंतरापेक्षा कमी अंतरात कुठलंच विमान पोचू शकत नाही.

एककांविषयी थोडंसं. हवाई क्षेत्रात अंतर नॉटिकल मैलात आणि वेग नॉटमध्ये, म्हणजे तासाला किती नॉटिकल मैल असा, सांगतात. एक नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटरचा, आणि साधा मैल १.६०९ चा. पुणे-दिल्ली म्हणजे ६२४ नॉटिकल मैल किंवा ७१८ साधे मैल. कुठे "६२४ मैल" लिहिलेलं दिसलं आणि तुम्ही त्याला १.६ ने गुणलंत, तर दीडशे किलोमीटरची चूक होते. नॉटिकल मैल कुणी मनाने ठरवलेला नाही. एका अंशाचे साठ भाग केले की अक्षांशाच्या दिशेने एक भाग म्हणजे एक नॉटिकल मैल. म्हणून नकाशावर पट्टी न लावताही, नुसत्या अक्षांशांवरून वैमानिक अंतर सांगू शकतात.

तिसरी पायरी: वेग. आणि पाऊण तास

एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ जातीचं विमान उंचीवर स्थिरावलं की आवाजाच्या वेगाच्या साधारण ०.७८ पट वेगाने जातं. तिथे हवा उणे ५० अंशांच्याही खाली असते, त्यामुळे आवाजाचा वेगही जमिनीपेक्षा कमी असतो. किलोमीटरमध्ये सांगायचं तर विमानाचा हा वेग ताशी ८३० च्या आसपास. काकांचं आठशे बरोबरच होतं. चूक एवढीच की विमान हा वेग सगळ्या प्रवासात ठेवत नाही.

सुरुवात जमिनीवरून करू. तिकिटावरची सुटण्याची वेळ म्हणजे विमान उडण्याची वेळ नव्हे. चाकांना लावलेले ठोकळे काढून विमान जागेवरून हलतं ती वेळ. आणि पोचण्याची वेळ म्हणजे दिल्लीला जागेवर येऊन पुन्हा ठोकळे लागतात ती. या पूर्ण वेळाला हवाई क्षेत्रात "ब्लॉक टाइम" म्हणतात, आणि ते नाव त्या ठोकळ्यांवरूनच पडलं आहे. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे पैशांच्या बाबतीतही तो लागणार आहे.

लोहगावचा तळ हवाई दलाचा आहे. मुलकी विमानांना तिथे जागा दिलेली आहे आणि धावपट्टी एकच, सुमारे अडीच किलोमीटरची. तिच्यावरूनच सुखोई विमानंही उडतात. लढाऊ विमानांचा सराव चालू असला तर आपलं विमान थांबतं, आणि खिडकीतून एकापाठोपाठ एक उडणारी ती विमानं दिसतात. लहान मुलं बरोबर असली तर या थांबण्याचा कुणालाच कंटाळा येत नाही.

धावपट्टीवर १० आणि २८ असे आकडे रंगवलेले आहेत. ते होकायंत्रावरचे अंश आहेत, शेवटचं शून्य गाळलेले. १० म्हणजे १०० अंश, जवळजवळ पूर्वेकडे, वाघोलीच्या बाजूला. २८ म्हणजे २८० अंश, पश्चिमेकडे, धानोरी-विश्रांतवाडीच्या बाजूला. विमान वाऱ्याला सामोरं जाऊन उडतं, त्यामुळे वारा ज्या बाजूचा असेल त्याप्रमाणे दिशा ठरते. दिल्ली मात्र उत्तरेला, किंचित पूर्वेकडे झुकलेली. म्हणजे विमान पूर्वेला उडो की पश्चिमेला, पुढे मोठं वळण घेणं आलंच. काही मिनिटं आणि काही किलोमीटर त्यात जातात.

मग चढण. पस्तीस-छत्तीस हजार फुटांवर जायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि त्या काळात जमिनीवरचा सरासरी वेग सहाशेच्या आसपास भरतो. १०,००० फुटांच्या खाली २५० नॉटची, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरची मर्यादा पाळायची असते.

उतरताना वैमानिक एक सोपा हिशेब वापरतात: जितके हजार फूट, त्याच्या तिप्पट नॉटिकल मैल आधी उतरायला लागायचं. छत्तीस हजार फुटांवरून उतरायचं तर १०८ नॉटिकल मैल, म्हणजे २०० किलोमीटर आधी. कानाला दडे बसायला लागतात तेव्हा दिल्ली अजून दोनशे किलोमीटर लांब असते. हे दोनशे किलोमीटर कापायला अर्धा तास जातो, कारण वेग सतत कमी होत असतो आणि दिल्लीजवळ आल्यावर विमानांना एकामागे एक रांगेत लावतात. दिल्लीला चार धावपट्ट्या आहेत, पण गर्दीही तशीच. उतरल्यावर जागेवर जाईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं सहज लागतात.

शिवाय रस्ता सरळ नसतो. आकाशात ठरवलेले बिंदू असतात, त्यांना धरून मार्ग आखलेले असतात, मध्ये लष्कराने राखून ठेवलेले पट्टे येतात. सरळ रेषेपेक्षा पाच-सात टक्के जास्त अंतर पडतं असं धरा. १,१५६ चे सव्वाबाराशे होतात.

हे सगळं मी एका सकाळच्या फेरीत घड्याळ लावून वहीत टिपलं होतं. तिकिटावर ९.४० ते ११.५५. विमान जागेवरून हललं ९.४२ ला. चाकं जमिनीवरून सुटली ९.५८ ला. पट्टा बांधायचा दिवा १०.१२ ला विझला. उतरायला सुरुवात झाल्याचं ११.१५ ला सांगितलं, चाकं टेकली ११.४५ ला, आणि जागेवर जाऊन थांबलो तेव्हा ११.५८ झाले होते. हवेत १ तास ४७ मिनिटं, ठोकळ्यापासून ठोकळ्यापर्यंत २ तास १६ मिनिटं. जमिनीवरची १६ आणि १३ मिनिटं मिळून २९ झाली. उरलेला पाव तासभर चढण, उतरण आणि वळणाच्या रस्त्यात गेला. काकांना मी हे पान दाखवलं तेव्हा त्यांनी त्याचा फोटो काढून ठेवला.

चौथी पायरी: घरच्या घरी अंदाज

हे सगळं समजल्यावर एक ढोबळ सूत्र बनतं. दर हजार किलोमीटरला ७५ मिनिटं धरा आणि त्यात सरसकट ४५ मिनिटं मिळवा. तिकिटावर छापलेला वेळ त्याच्या आसपास असेल.

दिल्ली: १,१५६ किलोमीटरची ८७ मिनिटं, अधिक ४५, म्हणजे २ तास १२ मिनिटं. नागपूर: ४५ अधिक ४५, दीड तास. बंगळुरू: ५४ अधिक ४५, एक तास चाळीस मिनिटांच्या आत. नागपूरचं अंतर दिल्लीच्या जवळजवळ निम्मं आहे, वेळ मात्र निम्मा होत नाही, कारण पाऊण तास दोन्हीकडे सारखाच पडतो. अंतर जितकं कमी, तितका हा पाऊण तास जास्त जाणवतो.

पंख्याच्या छोट्या विमानाला, म्हणजे एटीआर ७२ सारख्याला हे सूत्र लावू नका. त्याचा वेग ताशी पाचशेच्या आसपास असतो, तेव्हा हजार किलोमीटरला दोन तास धरा. तिकीट काढताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो वाचत जा.

पाचवी पायरी: वारा

पुणे-दिल्ली मार्ग दक्षिणोत्तर असल्यामुळे वारा बहुतेक बाजूने लागतो, आणि जाता-येता फार फरक पडत नाही. पुणे-कोलकाता बघा. हिवाळ्यात उत्तर आणि मध्य भारतावर, विमानं उडतात त्याच उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. त्याला जेट स्ट्रीम म्हणतात, आणि उत्तर भारतावर त्याचा वेग शंभर नॉटच्या पुढेही जातो.

समजा वारा ताशी १०० किलोमीटरचाच आहे. कोलकात्याला जाताना तो पाठीशी असतो, म्हणून जमिनीवरचा वेग ८३० अधिक १००, म्हणजे ९३०. १,५७५ किलोमीटरला १०२ मिनिटं. परत येताना तो समोरून येतो, वेग ७३० वर येतो आणि १२९ मिनिटं लागतात. तोच रस्ता, तेच विमान, आणि फरक २७ मिनिटांचा. वेळापत्रकात जाण्याचा आणि येण्याचा वेळ वेगळा छापलेला दिसला तर ती छपाईची चूक नव्हे. पावसाळ्यात दक्षिण भारतावर याच्या उलट असतं, उंचावरचा वारा पूर्वेकडून येतो. विमान कंपन्या उन्हाळी आणि हिवाळी अशी दोन वेळापत्रकं लावतात. उन्हाळी मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारच्या आदल्या दिवसापर्यंत चालतं. तीन महिने आधी तिकीट काढलं असेल तर या तारखांच्या आसपास वेळ बदलली आहे का हे बघून घ्या.

सहावी पायरी: घड्याळांचा फरक

देशात हा प्रश्न येत नाही. परदेशाच्या तिकिटावर मात्र दोन्ही वेळा तिथल्या तिथल्या घड्याळाच्या असतात. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. समजा पुण्याहून रात्री ८.५० ला निघून १०.४० ला पोचणार असं लिहिलं आहे. वजाबाकी केली तर १ तास ५० मिनिटं दिसतात, पण खरे लागतात ३ तास २० मिनिटं. आपलं सूत्रही २,०५० किलोमीटरला तेवढंच देतं. परतीच्या प्रवासात हाच दीड तास उलटा होतो आणि प्रवास पाच तासांचा असल्यासारखा वाटतो. चूक होऊ नये म्हणून दोन्ही वेळा आधी भारतीय वेळेत लिहून घ्या, मग वजाबाकी करा.

सातवी पायरी: घरातून कधी निघायचं

इथे जरा थांबून वाचा, कारण लोकांची विमानं चुकतात ती याच टप्प्यावर.

हिशेब उलटा मांडायचा. देशांतर्गत विमानाचे चेक-इन काउंटर बहुतेक कंपन्या सुटण्याच्या ६० मिनिटं आधी बंद करतात, आणि बोर्डिंगचं दार साधारण २५ मिनिटं आधी. नक्की आकडा तुमच्या तिकिटावर असतो. बॅग चेक-इनला द्यायची असेल तर पावणेदोन ते दोन तास आधी दारात असावं. नुसती हातातली बॅग आणि वेब चेक-इन असेल तर सव्वा तास पुरतो. पुण्यात २०२३ पासून डिजियात्रा आहे. चेहरा दाखवून आत जाता येतं आणि दारावरची रांग वाचते, पण ॲपवरची नोंदणी घरीच करून ठेवा. विमानतळाच्या दारात उभं राहून आधारचा ओटीपी शोधायची वेळ आणू नका.

त्याच्या मागे रस्ता. कोथरूडहून लोहगाव म्हणजे पहाटे पाऊण तास, आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला दीड तासही अपुरा पडू शकतो. येरवड्याहून पुढे नगर रस्ता, विमाननगर, ५०९ चौक, यातला कुठला टप्पा कधी अडेल सांगता येत नाही. मेट्रो हा चांगला पर्याय आहे. मार्च २०२४ पासून कोथरूडच्या वनाज स्थानकाहून थेट रामवाडीला जाता येतं, आणि तिथून रिक्षाने विमानतळ चार-पाच किलोमीटर. संध्याकाळच्या विमानाला आता मी मेट्रोनेच जाते. पहाटेच्या विमानाला मात्र तिचा उपयोग नाही, कारण पहिली गाडी सहाला सुटते.

काकांचं विमान संध्याकाळी सहाचं होतं. बॅग द्यायची, म्हणून चार वाजता दारात. रस्त्याला दीड तास. म्हणजे अडीचला घर सोडायचं. दिल्लीला सव्वाआठला पोचून, बॅग मिळून बाहेर पडायला नऊ, आणि मुलाच्या घरी पोचायला दहा. दारापासून दारापर्यंत साडेसात तास, त्यातले हवेत पावणेदोन. दिल्लीसाठी हे ठीकच आहे, दुसऱ्या कशानेही इतक्या लवकर पोचता येत नाही. नागपूरला मात्र दोनदा विचार करावा. विमानाचा वेळ दीड तास असला तरी दारापासून दारापर्यंत सहा तास होतात. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेली अजनी-पुणे वंदे भारत ८८१ किलोमीटरच्या लोहमार्गाला बारा तास घेते. विमानाने वाचतात ते सहा तास, दहा नव्हेत. त्या सहा तासांसाठी किती पैसे मोजायचे हे ज्याचं त्यानं ठरवावं. मुंबईला तर विमानाचा विचारच नको. १२४ किलोमीटरला सूत्राने ५४ मिनिटं येतात, वर विमानतळावरचे तास, आणि डेक्कन क्वीन तुम्हाला सव्वातीन तासांत थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर नेऊन सोडते.

आठवी पायरी: मध्ये विमान बदलायचं असेल तर

ही चूक माझी आहे, म्हणून मोकळेपणाने सांगते. आईला घेऊन मी जानेवारीत दिल्लीमार्गे डेहराडूनला निघाले होते. पुणे-दिल्ली एका कंपनीचं तिकीट, पुढचं दुसऱ्या कंपनीचं, दोन्ही वेगवेगळी काढलेली. मध्ये सव्वातास होता आणि मला तो भरपूर वाटला. त्या सकाळी दिल्लीत धुकं होतं. उतरायची परवानगी मिळेपर्यंत आमचं विमान पंचवीस मिनिटं घिरट्या घालत राहिलं, मग जमिनीवर आणखी वीस मिनिटं गेली. बॅग हातात आली तेव्हा दुसऱ्या विमानाचं काउंटर बंद झालं होतं. तिकीट वेगळं, म्हणून कुणाचीच जबाबदारी नव्हती. नवीन तिकिटाचे पैसे गेलेच, पण त्याहून मला लागलं ते आईला पाच तास खुर्चीत बसवून ठेवावं लागलं याचं.

तेव्हापासून मी दोन नियम पाळते. सगळा प्रवास एकाच तिकिटावर, म्हणजे पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय कंपनीने करायची असते. आणि वेगळी तिकिटं काढावीच लागली तर मध्ये किमान तीन तास, आणि डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला चार. धुक्यात उतरवणारी यंत्रणा दिल्लीला आहे, तिने विमान सुखरूप उतरतं, पण दोन विमानांमधलं अंतर वाढवावं लागतं आणि रांग लांबते.

ब्लॉक टाइम आणि तुमचे पैसे

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम याच ठोकळ्यांमधल्या वेळावर बेतलेले आहेत. अडीच तासांपर्यंतच्या विमानाला दोन तास किंवा जास्त उशीर होणार असेल, तर कंपनीने खाणंपिणं द्यायचं असतं. अडीच ते पाच तासांच्या विमानाला हीच मर्यादा तीन तासांची आहे. आधी पुरेशी सूचना न देता विमान रद्द केलं तर भरपाई मिळते. एक तासापर्यंतच्या विमानाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या विमानाला ७,५०० आणि दोन तासांवरच्या विमानाला १०,००० रुपये. किंवा मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यातलं जे कमी असेल ते. धुकं, वादळ अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना ही भरपाई लागू नाही. आपल्या सूत्राने बघा, नागपूर मधल्या गटात येतं आणि दिल्ली शेवटच्या गटात. काउंटरवर बोलताना तिकिटावरचा वेळ दाखवून नेमका गट सांगितला की बोलणं लवकर संपतं.

आणायला येणाऱ्याला काय सांगायचं

पोचण्याच्या छापील वेळेला कुणालाही दारात बोलावू नका. विमान जागेवर थांबल्यापासून पुण्यात बॅग घेऊन बाहेर यायला अर्धा तास धरा, हातातली बॅग असेल तर पंधरा मिनिटं. आणायला येणाऱ्याने फोनवर विमानाचा माग काढायचा असेल तर तारखेसकट विमानाचा क्रमांक टाकावा आणि "उतरलं" हा शब्द दिसला की मगच विमाननगरमधून निघावं. कोथरूडहून येणार असेल तर विमान दिल्लीहून उडाल्यावर अर्ध्या तासाने घर सोडलं तरी तो वेळेत पोचतो. ॲपवरची कॅब मागवणार असाल तर ती टर्मिनलच्या दारात येत नाही, समोरच्या एरोमॉल या इमारतीच्या पार्किंगमध्ये जाऊन घ्यावी लागते. बॅग पट्ट्यावरून उचलल्यावरच कॅब बुक करा, आधी नको.

काकांच्या परतीच्या दिवशी दिल्लीहून त्यांचा फोन आला, "चाकांचे ठोकळे काढले बघ, सव्वाचार." मी साडेसहाचा हिशेब धरून एरोमॉलला जाऊन थांबले. ते सात वाजता आले, हातात वही.